आमच्या मागें याचें कोण?



रायगड जिल्ह्यांतील सुधागड तालुक्याचें मुख्य ठिकाण जें पाली, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं अष्टविनायकांच्या यात्रेच्या निमित्तानें पाहिलेलें असेल. एका बाजूस सरसगडाचा उभा कातळ, जवळून वाहणारी अंबा नदी आणि मध्यें बल्लाळेश्वराचें दगडी देऊळ, असें हें गांव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख भोर संस्थानांत, म्हणजे पंतसचिवांच्या अमलाखालीं होता. पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत आला आणि १९८१ सालीं त्या जिल्ह्याचेंच नांव रायगड झालें. अष्टविनायकांमध्यें भक्ताच्या नांवानें ओळखला जाणारा गणपति हा एवढाच. त्या भक्ताची कथा आपण लहानपणीं ऐकलेली आहे. तथापि आजच्या विषयासाठीं ती थोडक्यांत पुन्हा सांगतों.

कल्याण नांवाच्या वाण्याला बल्लाळ नांवाचा मुलगा होता. त्याला एकच नाद. रानांत जावें, दगड मांडावे, त्यांना देव मानून तासचे तास त्यांच्यापुढें बसावें. भूक नाहीं, तहान नाहीं, घरची आठवण नाहीं. त्याच्या नादानें गांवचीं इतर मुलेंही रानांत जाऊं लागलीं, तेव्हां त्यांच्या आईबापांनीं कल्याणशेटकडे गाऱ्हाणें नेलें. बाप संतापून रानांत गेला. त्यानें मांडलेली पूजा मोडली, दगड भिरकावून दिला, पोराला बेदम मारलें आणि झाडाला बांधून तो निघून गेला. मग गणपति ब्राह्मणाच्या रूपानें आला, त्यानें बल्लाळाला सोडवलें आणि त्याच्या विनवणीवरून तो तेथेंच राहिला. बापानें भिरकावलेला दगड म्हणजे मागच्या देवळांतला धुंडीविनायक. पालीस दर्शनाचा क्रमच असा आहे कीं, आधीं त्या फेंकून दिलेल्या दगडाचें दर्शन घ्यावयाचें, मग बल्लाळेश्वराचें.

या कथेवरून बल्लाळाला एखाद्या अवस्थेचें आधुनिक नांव चिकटवावें असा माझा हेतु नाहीं. पुराणांतल्या भक्ताची वैद्यकीय तपासणी करीत बसणें इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाहीं. माझें लक्ष वेधतात ते कथेंतले शेजारी, त्यांचें गाऱ्हाणें, आणि चारचौघांत मान खालीं घालावी लागली म्हणून पेटलेला बाप. आणखी एक गोष्ट मला नेहमीं खटकत आली आहे. ही कथा बालपणींच संपते. बल्लाळ चाळिशीला आला तेव्हां तो कोणाकडे राहत होता, कल्याणशेट वारल्यावर त्याला जेवायला कोण वाढीत होतें, हें कोणीच सांगत नाहीं.

गेल्या माघी उत्सवांत मी पालीस गेलों होतों. देवळांतील घंटा मोठी आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनीं ती देवाला अर्पण केली असें सांगतात. फिरंग्यांच्या मुलखांतून आलेली ती घंटा आजही खणखणीत वाजते. सभामंडपाच्या बाहेर एक धिप्पाड पुरुष दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून उभा होता आणि पुढेंमागें झुलत होता. वय पस्तीसछत्तीस. शेजारीं त्याचे वडील, याच तालुक्यांतले एक निवृत्त शिक्षक, उभे होते. येणारे जाणारे वळून पाहत होते. गुरुजी कोणाकडेच पाहत नव्हते. "घंटा थांबली कीं जाऊं हं आपण," एवढेंच ते अधूनमधून म्हणत.

पुढें त्यांच्याशीं बोलणें निघालें. मी इतिहासाचा अभ्यास करतों असें कळल्यावर ते म्हणाले, "मग मला एवढें सांगा साहेब, आमच्यासारखे आईबाप गेल्यावर पूर्वीं अशा माणसांचें काय होत असे? याची आई गेली. मला शहात्तरावें चालू आहे. मुलगी पुण्याला आहे, पण तिचा संसार तिला आहे."

मला त्या वेळीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. आजचें हें भाषण म्हणजे त्यांच्या प्रश्नाला उशिरां दिलेलें उत्तर आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. इंग्रजींत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठींत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा आहे. स्वतःमध्यें मग्न म्हटलें कीं जगाशीं देणेंघेणें नसलेला कोणी योगी डोळ्यांपुढें येतो. वस्तुस्थिति पुष्कळदां उलटी असते. या माणसांना जग कमी नव्हे, फार ऐकूं येतें. तुम्हांआम्हांला मंगल वाटणारी घंटा त्यांच्या कानांत घणासारखी पडते. बोलण्यांतला आडवा अर्थ, चेहऱ्यावरची छटा, ठरलेल्या क्रमांत झालेला अचानक बदल, यांचा त्यांना जाच होतो. ही जन्मतः असलेली घडण आहे. ताप उतरावा तशी ती वयाबरोबर उतरत नाहीं. तिच्यांत परीही फार. कोणी आयुष्यभर एक शब्द बोलत नाहीं, तर कोणी उत्तम शिकून नोकरी करतो, आणि आपल्या एकलकोंडेपणाचें नांव त्याला चाळिशींत कळतें. आजच्या भाषणांत मी मुख्यतः बोलणार आहें तें ज्यांना रोजच्या जगण्यासाठीं दुसऱ्याचा हात लागतो त्यांच्याविषयीं.

ऑटिझम हा शब्द स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं घडवला. त्यांना त्यांतून दुसऱ्याच एका विकाराचें लक्षण सांगावयाचें होतें. १९२० नंतरच्या दशकांत मॉस्को येथें ग्रून्या सुखारेवा या विदुषीनें अशा मुलांचें बारकाईनें वर्णन केलें, पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९४३ सालीं अमेरिकेंत बॉल्टिमोर येथें डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स आस्पेर्गर यांचा निबंध निघाला. पाठ्यपुस्तकें हा इतिहास येथून सुरू करतात.

तो थोडा आधीं सुरू होतो असें मला वाटतें. कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा मिसिसिपी प्रांतांतल्या फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवचा, डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला तिसऱ्या वर्षीं, तेव्हांच्या रीतीप्रमाणें, एका संस्थेंत ठेवण्यांत आलें होतें. वर्षभरानें आईबापांनीं त्याला परत घरीं आणलें, आणि १९३८ सालीं वडिलांनीं कॅनर यांना तेहतीस पानांचें पत्र लिहिलें. मूल काय खातें, कशाला घाबरतें, कोणते शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतें, काय फिरवीत बसतें, सगळें त्यांत होतें. डॉक्टरांनीं नांव दिलें तें मागाहून. या अवस्थेविषयींचा एक आरंभीचा मोठा दस्तऐवज एका बापाच्या हातचा आहे. हें पत्र ध्यानांत ठेवावें, कारण या सबंध इतिहासांत आईबाप पुढें आणि शास्त्र व सरकार मागून, असेंच पुष्कळदां घडत गेलें आहे.

आतां आपल्याकडे येऊं. नांव नव्हतें तेव्हांही माणसें होतींच. खुळा, भोळा, भ्रमिष्ट, येडबंबू, देवाघरचा, असे अनेक शब्द आपल्या भाषेंत आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाखालीं निरनिराळ्या प्रकारचीं माणसें एकत्र कोंबलेलीं असत. धर्मशास्त्रांतील शब्द आहेत उन्मत्त आणि जड. मनुस्मृतींत नवव्या अध्यायांत वारशाचा विचार आहे. तेथें जन्मांध, बहिरा, उन्मत्त, जड, मुका अशांना वडिलोपार्जित मिळकतींत वांटा नाहीं असें सांगितलें आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकांत, जो वांटा घेईल त्यानें या सर्वांना आपल्या शक्तीप्रमाणें आजन्म अन्नवस्त्र द्यावें, न देईल तो पतित होय, अशीही आज्ञा आहे. याज्ञवल्क्यानें तोच नियम ठेवला, आणि अशा माणसांचे पुत्र निर्दोष असतील तर त्यांना वांटा मिळावा अशी पुस्ती जोडली.

म्हणजे वांटा नाहीं, पण पोटगी आहे. गुरुजींच्या प्रश्नाचें आपल्या परंपरेनें दिलेलें पहिलें उत्तर तें हें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही एक प्रकारची आजन्म सांभाळ-योजनाच होती. तिचें कार्यालय म्हणजे एकत्र कुटुंबाचें माजघर.

ही योजना चालत कशी असे? कोंकणांतल्या मोठ्या घरांत ओटीवर एखादा काका असे. त्याचें लग्न झालेलें नसे. तो गुरें सोडी, फुलें काढी, पाटाचें पाणी बागेला वळवी, देवाच्या समया लखलखीत घांसी. त्याचें पान ठरलेल्या जागीं मांडलें जाई, आणि तें दुसरीकडे मांडलें तर तो जेवत नसे, हें सगळ्या घराला ठाऊक असे. मोठा परिवार, ठरलेला दिनक्रम, हाताला एकच एक काम, सर्व ओळखीचे चेहरे : आजचे तज्ज्ञ जें सांगतात त्यांतलें पुष्कळसें त्या घरांत आपोआप होतें. परंतु या चित्राला भुलून जाऊं नये. या सांभाळाचा भार वाहत होती ती घरांतली विधवा आत्या किंवा धाकटी जाऊ, आणि तिला कोणी विचारलेलें नव्हतें. ज्या घरांत अन्नच पुरेसें नव्हतें तेथें पोटगीचा श्लोक कोण वाचणार? खांबाला दोरीनें बांधलेलीं माणसेंही याच घरांनीं पाहिलीं आहेत. बल्लाळाच्या बापानें केलें तें एकट्यानेंच केलें असें नव्हे.

शिवाय ही योजना जमिनीवर उभी होती. सुधागडांतलीं कर्तीं माणसें गिरणींत, पेढीवर, कचेरींत काम करण्यासाठीं मुंबईस गेलीं, दोन खोल्यांच्या चाळींत राहूं लागलीं, आणि ओटीवरच्या काकाला सांभाळणारें माजघर हळूहळू रिकामें झालें. मनिऑर्डर येत राहिली. मनिऑर्डरीला कांहीं पान मांडतां येत नाहीं.

कायदा मात्र फार सावकाश हलला. १९२८ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत एक अधिनियम झाला आणि मिताक्षरेच्या अमलाखालील आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या हिंदूंना वारशाचा हक्क मिळाला. त्यांतही एक अपवाद राखून ठेवला होता : जो जन्मापासून वेडा किंवा जड आहे त्याला हा लाभ नाहीं. इतर सर्व भावांना दार उघडलें आणि ज्याला स्वतःसाठीं बोलतांच येत नव्हतें नेमका तोच बाहेर राहिला. तो अडसर निघाला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानें. रोग, व्यंग किंवा विकृति या कारणास्तव कोणाचाही वारसा बुडणार नाहीं असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास चालत आलेला नियम एका कलमानें संपला. वांटा मिळाला, परंतु पूर्वींचा जो पोटगीचा धाक होता, न देणारा पतित होय हा, तोही तोंवर निघून गेलेला होता.

दुसरें उत्तर इंग्रजी राज्यानें दिलें, आणि तें होतें वेड्यांचें इस्पितळ. १८५८ व १९१२ चे कायदे मुख्यतः कोंडून कोणाला ठेवावें आणि हुकूम कोणी द्यावा यासंबंधींचे होते. रत्नागिरीचें इस्पितळ १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें. 'ठाण्याला पाठवायला हवें' हा मुंबईकर मराठींतला विनोद आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. ज्या घरांतलें माणूस खरोखरच ठाण्याला पाठवावें लागलें, त्या घरांत तो विनोद कोणी करीत नसे. तेथील नोंदींत स्वमग्न हें नांव असणें शक्यच नव्हतें. म्हणून अशीं किती माणसें त्या भिंतींआड म्हातारीं झालीं तें सांगतां येणार नाहीं. परदेशांतला एक पुरावा मात्र आहे. डॉक्टर कॅनर यांनीं १९७१ सालीं आपल्या त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला. सरकारी इस्पितळांत ज्यांना टाकण्यांत आलें होतें त्यांची वाढ तेथेंच खुंटलेली त्यांना आढळली. तें टाकणें जन्मठेपेसारखेंच ठरलें होतें.

आणि पहिला मुलगा डोनाल्ड? तो आपल्या गांवींच राहिला. घराण्याच्या ओळखीच्या बँकेंत त्यानें नोकरी केली, तो गोल्फ खेळला, एकट्यानें देशोदेशीं फिरला. आईबाप गेल्यावरही गांवानें त्याला सांभाळून घेतलें. २०२३ सालीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, तो वारला. त्याच्या घरची स्थिति चांगली होती हें खरें, आणि श्रीमंताच्या विक्षिप्तपणाला जग लवकर क्षमा करतें हेंही खरें. पण केवळ पैशानें शेजारी विकत मिळत नाहींत.

तिसरें उत्तर म्हणजे शाळा. मानखुर्द येथें १९४१ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटीनें मंदबुद्धि म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांसाठीं गृह काढलें. १९४४ सालीं होरमसजी आणि दीना वकील या पारशी दांपत्यानें आपली मुलगी जय हिच्यासाठीं स्वतःच्या घरींच शाळा सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. तिकडे व्हिएन्नांत आस्पेर्गर यांचा निबंध छापला जात होता त्याच वर्षीं इकडे मुंबईंत एक आई आपल्या दिवाणखान्यांत अशा मुलांना गोळा करीत होती. पुण्यास १९६४ मध्यें कामायनी निघाली. नाशिकला १९७७ सालीं रजनी लिमये यांनीं प्रबोधिनी विद्यामंदिर काढलें. त्या शिक्षिका होत्या, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा अशा शाळेवांचून राहिला होता. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. त्यांनीं मतिमंद हा शब्द रुजवला, जो आज कोणालाच नकोसा झाला आहे. पण त्या शब्दानें निदान वेडा हा शब्द मागें सारला. स्वमग्न मुलें बहुधा याच शाळांत, त्याच शब्दाखालीं वाढलीं.

मात्र शाळा म्हटली कीं ती कधीं तरी सुटणारच. अठराव्या वर्षीं शाळा सुटते आणि माणूस घरीं येऊन बसतो. कांहीं शाळांनीं कार्यशाळा काढल्या. तेथें फाइली, मेणबत्त्या, राख्या, उदबत्त्या होऊं लागल्या. तेथें जागा मिळाली तर बरें, नाहीं तर खिडकी. गुरुजींच्या मुलाचेंही तसेंच झालें. त्याला स्वमग्नता आहे हें त्यांना कळलें तेव्हां त्याला चोविसावें वर्ष लागलें होतें. तोंवर तो नुसता मतिमंद होता, आणि त्याहीपूर्वीं नुसता हट्टी.

येथें आपल्या भाषेची एक खोड सांगितल्यावांचून राहवत नाहीं. असा पुरुष छत्तीस वर्षांचा झाला तरी आपण त्याला 'मुलगा'च म्हणतों. मीही या भाषणांत तेंच करीत आहें. मदतीची भाषा, वर्गणीचीं पत्रकें, भिंतीवरचीं चित्रें, सगळीकडे बालकच दिसतें. दाढीला पांढरा केस आलेला स्वमग्न मनुष्य कोठेंच दिसत नाहीं.

त्याला पाहिलें तें वृद्ध होऊं लागलेल्या आईबापांनीं. गुरुजींच्या प्रश्नाचें चौथें उत्तर त्यांनीं दिलें. इंग्लंडांत १९६२ सालीं पालकांनीं एकत्र येऊन संस्था काढली होती. तिच्या सिबिल एल्गर या शिक्षिकेच्या पुढाकारानें १९७४ सालीं सॉमरसेट परगण्यांत स्वमग्न प्रौढांसाठीं वसतिस्थान उघडलें. कारण सरळ होतें : शाळेंत घातलेलीं मुलें मोठीं झालीं होतीं. आपल्याकडे हीच वेळ १९९० नंतर आली. बदलापूरला 'आधार', डोंबिवलीजवळ खोणी येथें अमेय पालक संघटनेचें 'घरकुल', पुण्याजवळ मारुंजीस 'नवक्षितिज', अशीं प्रौढांचीं निवासस्थानें उभीं राहिलीं. हीं मुख्यतः बौद्धिक अक्षमतेच्या व्यक्तींसाठीं. पण स्वमग्न माणसेंही अशा ठिकाणीं विसावलीं. खास स्वमग्नतेसाठीं दिल्लीस १९९१ मध्यें ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था एका आईच्या पुढाकारानें निघाली, आणि मुंबईंत २००० सालीं पालकांनींच फोरम फॉर ऑटिझम स्थापन केला.

अशा घरांत काय चालतें तें पाहण्यासारखें असतें. सकाळीं उठण्यापासून निजेपर्यंत वेळापत्रक, तेंही पुष्कळ ठिकाणीं चित्रांत. कोणी भाजी निवडतो, कोणी कपड्यांच्या घड्या घालतो, कोणी फक्त ताटें मांडतो. पण मांडतो तो रोज. जुन्या माजघराचीच ही नवी आवृत्ति. फरक इतकाच कीं येथें राबणाऱ्या ताईला पगार असतो आणि रात्रीं ती घरीं जाऊं शकते. माझ्या मतें ही मोठीच सुधारणा आहे. परंतु जागा थोड्या, मागणारे फार. खर्च सर्वांना झेपणारा नाहीं. शिवाय पालीच्या माणसाला बदलापुरास नेऊन ठेवलें कीं सरसगड दिसत नाहीं, ओळखीचा एस्टीचा थांबा नाहीं. आणि ज्याला ताटाची जागा बदललेली सोसत नाहीं त्याला गांव बदललेलें कसें सोसावें?

कायद्याची गोष्ट आतां थोडक्यांत सांगतों, कारण घरोघरीं तिचा उपयोग आहे. १९९५ सालीं अपंगांच्या हक्कांचा जो कायदा झाला त्यांत सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. पालकांच्या खटपटींनंतर १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आणि त्यांत प्रथमच तिचें नांव आलें. त्याचें महत्त्व असें. मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्यानें तें प्रौढ होतें आणि आईबाप त्याचे पालक राहत नाहींत. बँकेंत सही कोणाची, शस्त्रक्रियेला संमति कोणाची, हे प्रश्न त्याच दिवशीं उभे राहतात. या कायद्याखालीं प्रत्येक जिल्ह्यांत स्थानिक समिति असते. जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधि आणि एक अपंग व्यक्ति असे तिचे तीन सभासद, आणि ती कायदेशीर पालक नेमते. आईबाप हयात असतांनाच हें करून घ्यावें. त्याच न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविम्याची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमांत एकवीस प्रकार आले आणि त्यांत स्वमग्नता आहे. त्या कायद्यानें आणखी एक विचार मांडला : पालकानें व्यक्तीच्या जागीं निर्णय घेण्याऐवजीं तिच्या कलानें, तिला विचारून, तिच्याबरोबर निर्णय घ्यावा. ज्याला जन्मापासून जड म्हणून वांट्याबाहेर ठेवलें, त्याला आतां त्याची इच्छा विचारण्याची आज्ञा झाली आहे.

पालीच्या माणसाला यांतलें काय मिळतें? प्रमाणपत्रासाठीं आणि पालकत्वाच्या अर्जासाठीं नागोठणें, वडखळ करीत अलिबागला जावें लागतें; गर्दीच्या गाडींत, कानांवर हात दाबून बसलेल्या माणसाला घेऊन. संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक अनुदानाचा अर्ज मात्र पालीच्या तहसील कचेरींतच होतो. गुरुजी सरकारी सेवेंतले, म्हणून त्यांच्या मागें मुलाला आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद नियमांत आहे. पण तिच्यासाठीं कागद आधीं तयार लागतात. जवळची विशेष शाळा पाहावयाची तर पेणला सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल आहे. प्रौढांसाठीं पालींत आज फलक लावलेली संस्था नाहीं.

फलक नसलेली एक आहे. देवळाच्या वाटेवर फुलें आणि दूर्वा विकणाऱ्या एका मावशींकडे गुरुजींचा मुलगा रोज सकाळीं दोन तास बसतो. एकवीस दूर्वांची एक जुडी, असें त्याचें काम आहे. वीस झाल्या तर तो जुडी बांधत नाहीं आणि बावीस तर कधींच होत नाहींत. जुडीमागें ठरलेले पैसे मावशी त्याच्या हातांत देतात. उत्सवाच्या दिवसांत गर्दी वाढली कीं त्या त्याला आपण होऊन घरीं पाठवतात. हें त्यांना कोणत्या समितीनें शिकवलेलें नाहीं. पाहून पाहून त्यांना कळलें.

"पण मावशीही माझ्याच वयाच्या आहेत," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनीं पिशवींतून एक जाड वही काढून दाखवली. एका समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून त्यांनीं ती लिहावयास घेतली आहे. मुलाच्या बहिणीसाठीं, किंवा पुढें जो कोणी याच्याबरोबर असेल त्याच्यासाठीं. भात आणि आमटी वेगवेगळी वाढावी. केस कापण्यापूर्वीं कात्री हातांत घेऊं द्यावी. दांत दुखला तर सांगत नाहीं, डावा गाल घांसतो. आईच्या लुगड्याची चौघडी उशाशीं लागते. पानामागून पान असें. आम्हीं बखरी चाळतों, दफ्तरें उलगडतों, कैफियती वाचतों. इतक्या सावधपणें लिहिलेला कागद माझ्या हातीं क्वचितच आला आहे. मला त्या तेहतीस पानांच्या पत्राची आठवण झाली. तें मी गुरुजींना सांगितलें तेव्हां त्यांनीं विचारलें, "त्या गृहस्थांच्या मागें मुलाचें बरें झालें का?" बरें झालें, असें मीं म्हटलें.

तोंवर घंटा थांबली होती. मुलगा कानांवरचे हात काढून धुंडीविनायकाच्या दिशेनें चालूं लागला; आधीं तेथें जावयाचें असतें हें त्याला पक्कें ठाऊक होतें. गुरुजी उठले, पण निघण्यापूर्वीं त्यांनीं खिशांतलें पेन काढून वहींत उभ्यानेंच एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली : पालीची घंटा वाजण्याआधीं सांगितलें तर सोसतो.